चर्चा: सोळा वर्षांच्या मुलीला दीड तासाच्या लेओव्हरवर (दोन विमानांमधल्या थांब्यावर) एकटीने पाठवावे का?

वैदर्भीय_आई

माझी मुलगी १६ वर्षांची आहे. अकरावीची परीक्षा आटोपली की ती माझ्या बहिणीकडे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला, दीड महिना राहायला जाणार आहे आणि जाता-येता ती एकटीच असणार आहे. एजंटाने सुचवलेला मार्ग नागपूर–दोहा–शिकागो–मॅडिसन असा असून दोह्याला १ तास ३५ मिनिटे आणि शिकागोला २ तास १० मिनिटे मिळतात. दुसरा मार्ग दिल्लीवरून आहे. तिथे ७ तास थांबावे लागते आणि भाडेही जास्त पडते.

माझे मत असे की मोठ्या माणसाला चालणारा लेओव्हर या वयाच्या मुलांना चालेलच असे नाही. ‘सिस्टिम तिकीट काढू देते, म्हणजे वेळ पुरतो,’ असे एजंट सांगतो. प्रत्येक विमानतळावर कनेक्शनसाठी किमान वेळ ठरलेला असतो आणि एका तिकिटावर त्याहून कमी वेळाचे विमान जोडून मिळत नाही, हे खरे आहे. पण पहिले विमान वेळेवर उतरेल हे त्यात गृहीत धरलेले असते. ते ४० मिनिटे उशिरा उतरले आणि पुढच्याचे गेट उड्डाणाच्या २० मिनिटे आधी बंद झाले, तर हातात ३५ मिनिटे उरतात. विमानातून बाहेर पडणे, हातातल्या सामानाची पुन्हा तपासणी आणि गेटपर्यंतचे चालणे हे सगळे त्या ३५ मिनिटांत बसवायचे.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसोबत बहुतेक कंपन्या आपला माणूस देतात. त्यापुढे मात्र मुलांना मोठे प्रवासी धरले जाते आणि ती सोय मागून, पैसे भरून, मिळाली तर मिळते. म्हणजे कागदावर मोठी आणि प्रत्यक्षात लहान, अशी ही मुले मधल्यामध्ये अडकतात. मी दिल्लीच्या बाजूने आहे, घरातले इतर सगळे दोह्याच्या.

दोन_मुलांचा_बाबा

ताई, तुमची काळजी मी समजू शकतो, पण निष्कर्ष पटत नाही. सात तास एकट्या मुलीने विमानतळावर काढणे हे तुम्ही सुरक्षित का मानता? पहिल्या दोन तासांत खाणे-फिरणे होते, मग फोनची बॅटरी उतरते, झोप येते, आणि खुर्चीवर डोळा लागल्यामुळे विमान चुकल्याची उदाहरणे मोठ्या माणसांचीही आहेत. दीड तासात माणूस जागा असतो आणि त्याचे लक्ष गेटवर असते.

शिवाय दोह्याचे हमद विमानतळ २०१४ मध्ये सुरू झालेले आणि एकाच छताखालचे आहे. टर्मिनल बदलण्यासाठी बस पकडावी लागत नाही, आणि मधोमध तो प्रचंड पिवळा अस्वलाचा पुतळा आहे, त्यामुळे ‘तू कुठे आहेस’ या प्रश्नाला मुलाकडे उत्तर असते. दिल्लीत मात्र नागपूरचे विमान टर्मिनल १ वर उतरले, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी काही किलोमीटर दूरच्या टर्मिनल ३ वर जावे लागेल, ते आधी तपासा.

आणि उशीर लेओव्हर पाहून येत नाही. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारने आपले हवाई क्षेत्र अचानक बंद केले, तेव्हा ज्यांच्या हातात आठ तास होते तेही अडकले. एकच तिकीट असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि सोळा वर्षांच्या मुलीला एवढे समजते.

पिंपरीचा_प्रवासी

समजते आणि करता येते, यांत फार अंतर आहे. आमच्यावर जे बेतले ते सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा, तेव्हा वय वर्षे १५, युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावरून पुढे जाणार होता. लेओव्हर १ तास २० मिनिटांचा होता आणि पहिले विमान जेमतेम २५ मिनिटे उशिरा पोचले. तपासणीच्या रांगेत त्याच्यापुढे साठ-सत्तर माणसे होती. बोर्डिंग पासवरची वेळ त्याला दिसत होती, विमान सुटणार हेही कळत होते. पण ‘माझे विमान निघायला आले आहे, मला पुढे जाऊ द्या,’ एवढे म्हणायला त्याची जीभ रेटेना. शाळेत आणि घरी आम्हीच त्याला रांग मोडायची नाही असे वळण लावले होते. तो बोर्डिंग पास घट्ट धरून चाळीस मिनिटे उभा राहिला, आणि गेटवर पोचला तेव्हा काचेपलीकडे विमान मागे सरकत होते. घामाने मऊ पडलेला, मधोमध दुमडलेला तो बोर्डिंग पास त्याच्या आईने अजून ठेवला आहे.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. दिवसातले ते शेवटचे विमान होते. काउंटरवरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशीचे तिकीट लगेच दिले, हॉटेलचे कूपनही दिले, आणि पासपोर्टवरची जन्मतारीख पाहिल्यावर कूपन परत घेतले, कारण अल्पवयीन मुलाला ते हॉटेल एकट्याने खोली देणार नव्हते. तो रात्रभर खुर्चीवर बसून होता, आणि आम्ही इकडे फोनला चिकटून. जबाबदारी कंपनीची असते हे मला मान्य आहे, पण ती मोठ्या माणसाला समोर धरून आखलेली असते. अमेरिकेतही बरीच हॉटेले १८ वर्षांखालच्या, आणि काही तर २१ वर्षांखालच्या पाहुण्याला एकट्याने खोली देत नाहीत.

म्हणून तास मोजण्याआधी मी एकच गोष्ट बघेन: विमान चुकले तर त्याच दिवशी पुढचे आहे का, आणि नसेल तर त्या शहरात आपले कोण आहे.

विस्कॉन्सिनवासी

तुम्ही सगळे दोह्यावर वाद घालत आहात, पण या प्रवासातला अवघड टप्पा शिकागोचा आहे. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिले पाऊल पडते तिथेच इमिग्रेशन होते. दोह्यामार्गे आलेली मुलगी शिकागोच्या ओहेअर विमानतळाच्या टर्मिनल ५ वर उतरेल, रांगेत उभी राहील, मग पट्ट्यावरून स्वतःची बॅग उचलून कस्टम्समधून नेऊन पुन्हा जमा करेल, विमानतळाच्या आतल्या गाडीने दुसऱ्या टर्मिनलवर जाईल आणि तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी देईल. दुपारी चार-पाच मोठी विमाने एकामागोमाग उतरली, की इमिग्रेशनच्या रांगेतच दीड तास सहज जातो. तिथे २ तास १० मिनिटे म्हणजे दोह्याच्या दीड तासापेक्षा कठीण परीक्षा आहे.

मुले हमखास चुकतात ती जागाही सांगतो. नागपूरला बॅगेवर जी पट्टी चिकटवतात तिच्यावर शेवटचे ठिकाण मॅडिसन असेच छापलेले असते, त्यामुळे बॅग आपोआप पुढे जाईल असे समजून ती पट्ट्यावरच सोडून मुले निघून जातात. बॅगेच्या मुठीला घरातल्या रंगीत कापडाची चिंधी बांधा आणि शिकागोत ती हातात घ्यायची आहे हे कागदावर लिहून द्या. सोबत आईवडील दोघांच्या सहीचे, नोटरी केलेले संमतिपत्र आणि मावशीचा पत्ता व फोन नंबर कागदावरच हवा, फोनमध्ये नको.

पण माझे म्हणणे याहून सरळ आहे. ओहेअरहून मॅडिसन मोटारीने अडीच तासांवर आहे आणि थेट बसही आहे. तुमच्या बहिणीने शिकागोला येऊन मुलीला उतरवून घ्यावे. एवढ्यासाठी तिसरे विमान कशाला?

दोन_मुलांचा_बाबा

ही सूचना मला पूर्ण मान्य आहे, पण एक धोका सांगून ठेवतो. तिकीट मॅडिसनपर्यंतचे काढायचे आणि शिकागोत उतरून शेवटचे विमान सोडून द्यायचे, असे चुकूनही करू नका. एक टप्पा न वापरता सोडला की त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे कंपनी रद्द करते, आणि परतीचे तिकीट त्यातच असते. तिकीट मुळातच शिकागोपर्यंतचे आणि शिकागोहून परतीचे असले पाहिजे.

दोह्याबद्दल मात्र माझे मत तेच आहे. पिंपरीच्या भाऊंच्या मुलाला वेळ कमी पडला नाही, एक वाक्य कमी पडले. ते वाक्य मुलीकडून घरी दहा वेळा मोठ्याने म्हणवून घ्या, आणि शक्य तर विमानात पुढच्या ओळीतली जागा घ्या, म्हणजे बाहेर पडतानाची दहा-पंधरा मिनिटे वाचतात. मार्ग बदलण्याची गरज नाही.

पिंपरीचा_प्रवासी

ते वाक्य त्यालाही येत होते, तेही इंग्रजीत. घरातल्या दिवाणखान्यात म्हणणे वेगळे, आणि रात्रभराच्या जागरणानंतर, परक्या देशात, आपल्याकडे वळून पाहणाऱ्या साठ माणसांसमोर म्हणणे वेगळे. ती ताकद काही मुलांत बाराव्या वर्षी असते, काहींत विसाव्या वर्षीही नसते. तुमची मुलगी यांतली कोणती, हे आम्ही कोणी सांगू शकणार नाही.

वैदर्भीय_आई

सर्वांचे मनापासून आभार. शिकागोचा प्रश्न सुटला आहे. बहीण स्वतः मोटार घेऊन येणार आहे आणि एजंटाला तिकीट शिकागोपर्यंतचेच काढायला सांगितले आहे.

उरलेला प्रश्न मी काल जेवताना मुलीलाच विचारला. तपासणीच्या रांगेत पुढे साठ माणसे आहेत, तुझे गेट वीस मिनिटांत बंद होणार आहे, तू काय करशील? तिने घास हातात धरून बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘आई, मी बहुतेक मागेच उभी राहीन गं.’ तिचे बाबा, जे इतके दिवस दोह्याचा आग्रह धरत होते, त्यांनीच आज सकाळी दिल्लीच्या तिकिटाची चौकशी केली. नागपूरचे विमान टर्मिनल ३ वर उतरणारे मिळाले आहे, आणि माझा मामेभाऊ गुरुग्रामहून त्या सात तासांत फोनवर उपलब्ध राहणार आहे. विमान चुकलेच, तर तो तासाभरात तिला घरी घेऊन जाऊ शकतो.