मदत हवी आहे: पीटर रॅबिटच्या बाबांचं काय झालं, हे लहानग्यांना सांगावं का?

बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांची ही गोष्ट चार-पाच वर्षांच्या मुलांना मराठीतून सांगायची आहे. १९०२ सालचा हा ससा आजही मुलांना जवळचा वाटतो, कारण तो आईचं ऐकत नाही, घाबरतो, निळा कोट गमावतो आणि तरी घरी पोचतो.

अडचण सुरुवातीलाच आहे. आई बजावते, शेजारच्या मॅक्ग्रेगर यांच्या बागेत जाऊ नका, मॅक्ग्रेगरबाईंनी तुमच्या बाबांना शिजवलं. हे वाक्य गाळून पाहिलं, तर मॅक्ग्रेगर पुढे पीटरचा पाठलाग करतात, त्यातली धाकधूकच गेली. ‘बाबा परत आले नाहीत’ असं मोघम सांगितलं, तर ‘कुठे गेले?’ थांबेना. गटातल्या एका मुलाचे वडील नुकतेच वारलेत, म्हणून जास्त जपते आहे. दुसरी गोष्ट निवडायची नाही.

या वयाच्या मुलांना ते वाक्य कुणी जसंच्या तसं सांगितलंय का? त्यांनी ते कसं घेतलं?