नाताळचे ब्लँकेट, फोटो आणि हेतू

प्रवराकाठ (धागाकर्ता):
गेल्या नाताळात आमच्या चर्चच्या मंडळीने वस्तीवर ब्लँकेटे वाटली. एक आजी ब्लँकेट घेऊन वळल्या होत्या. फोटो नीट आला नाही म्हणून त्यांना परत बोलावून तेच ब्लँकेट पुन्हा हातात देण्यात आले. देणारा मीच होतो, आणि दुसऱ्या खेपेला मी आधी केसांवरून हात फिरवला, हे घरी आल्यावर आठवले. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, असे बायबलमधल्या मत्तय ६:३ मध्ये प्रभू येशूने सांगितले आहे. माझा डावा हात तर केस सारखे करत होता. ज्या सेवेत आपलाच चेहरा पुढे येतो, ती हेतू शुद्ध होईपर्यंत थांबवलेली बरी, असे माझे मत झाले आहे.

वसईचा वाटसरू:
असहमत. आपला हेतू शुद्ध होईपर्यंत थंडी थांबणार नाही. प्रेषित पौलाने कैदेतून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या बायबलमधल्या पत्रात (१:१५-१८) काही जण हेव्याने आणि तंट्याच्या बुद्धीने ख्रिस्ताची घोषणा करतात हे मान्य केले आहे, आणि तरीही ती घोषणा होते याचा आपल्याला आनंद आहे, असे म्हटले आहे. शिवाय स्वतःच्या मनाची सतत झडती घेत राहणे म्हणजेही स्वतःकडेच पाहत बसणे नव्हे काय?

प्रवराकाठ:
पौल तिथे देवाच्या वचनाविषयी बोलतो. सांगणाऱ्याच्या हेव्याने वचनाला उणेपणा येत नाही. दोनदा हात पुढे करावा लागलेल्या आजींना मात्र येतो.

केडगावरोड:
पैशाचा मुद्दा दोघांनीही सोडला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते अमेरिकेत व्याख्याने देऊन आणि बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीवर. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना केडगावला सांभाळायचे, तर त्यांची हकिकत दूरदेशी कळवणे भागच होते. त्यांच्या हेतूवर शंकाही कमी घेतल्या गेल्या नाहीत. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. (तो आक्षेप निराधार होता असे मी म्हणणार नाही, सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे सांगितले गेले होते.) परंतु हेतूविषयी एकमत होईपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर दुष्काळातल्या मुलींनी कुठे जायचे होते? हिशेब द्यावाच लागतो. मात्र ब्लँकेटे किती आणि पैसे किती, एवढ्याने हिशेब पुरा होतो. आजींचा चेहरा त्यात लागत नाही.

वसईचा वाटसरू:
कागदावर हे पटते. पण नुसत्या आकड्यांवर वर्गणी जमत नाही, हे आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये मी दोन वर्षे पाहिले आहे. देणाऱ्याला कोणाचा तरी चेहरा पाहायचा असतो, आणि तो दाखवला नाही तर पुढच्या वर्षी ब्लँकेटेच कमी येतात. तो तोटाही आजींचाच.

प्रवराकाठ:
सेवा थांबवावी हे विधान मी मागे घेतो. फोटोविषयीचे घेत नाही. परवा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या बैठकीत यंदा फोटो नकोत असे मी सुचवले. तेव्हा खजिनदारांनी विचारले, “ठराव तुमच्या नावाने नोंदवू का?” आणि मी नको म्हणायच्या आधी क्षणभर थांबलो.