घरातल्या मारहाणीवर प्रदर्शन करायचंय, गावातल्या बायकांना कसं सामील करावं?

मृण्मयी_वाई:
८ मार्चला आमच्या गावी घरातल्या हिंसेवर छोटं प्रदर्शन करायचं ठरलंय. आम्ही चार-पाच जणी आहोत, दोघी आर्ट कॉलेजच्या आणि बाकीच्या बचत गटाचं काम बघतात. बाहेरचे चित्रकार बोलवून चित्रं टांगायची नाहीत एवढं नक्की, गावातल्या बायकांच्या हातचं काहीतरी हवं. पण ज्या मार खातात त्या प्रदर्शन बघून परत त्याच घरात जाणार ना, कोणी आपली हकीकत लिहून दिली आणि दिराने नाहीतर सासूने अक्षर ओळखलं तर? आणि कोणीच काही बोललं नाही तर मग ते प्रदर्शन नक्की कोणाचं? कोणी असं काम केलंय का, प्लीज सांगा.

अनघा_के:
हकीकत मागूच नका. कपडे मागा, आणि सगळ्यांकडून मागा. युरोपातल्या कोसोव्होत २०१५ च्या जूनमध्ये अल्केता जाफा-म्रिपा या कलाकार बाईने प्रिश्टिनाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये दोऱ्या बांधून जवळपास पाच हजार स्कर्ट आणि ड्रेस वाळत घातले होते, १९९८-९९ च्या युद्धात बलात्कार झालेल्या बायकांसाठी. तोपर्यंत तिथे हा विषय घरातसुद्धा निघायचा नाही. कपडे गावोगाव फिरून गोळा केले, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांनी दिले, ज्यांच्यावर झाला नाही त्यांनीही दिले, त्यामुळे दोरीवरचा कुठला ड्रेस कोणाचा हे कळायला मार्गच नव्हता. तुमच्याकडे जुनी लुगडी, साड्या मिळतीलच, त्यांची एक मोठी गोधडी शिवायला घ्या. एकेक ठिगळ एकेकीचं, नाव कशावरच नाही.

सुनीता_समुपदेशक:
अनघाताईंचं पटलं, पण सासवांनाही शिवायला बसवा हो, नाहीतर "मार खाणाऱ्या बायकांची गोधडी" असं नाव पडेल आणि मग सुनेला घरातून कोण पाठवणार. शिवताना एखादी अचानक रडायला लागते, बोलायला लागते, तेव्हा तिथे ऐकून घेणारं शिकलेलं माणूस पाहिजेच. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना आधीच भेटून या, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ही नेमणूक असते पण गावात कोणाला माहीतच नसतं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठा लावू नका, बायका सगळ्यांसमोर तो टिपून घेत नाहीत, चहाच्या टेबलावर छोट्या चिठ्ठ्या ठेवा. फोटो अजिबात नको, स्टेटसला तर नकोच. आणि आदल्या रात्री जरी कोणी म्हणाली माझं ठिगळ काढा, तर का म्हणून न विचारता उसवून द्यायचं. बलात्काराची गोष्ट असेल तर ओळख उघड करणं गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ वाचून घ्या.

रोहित_मिरज:
मला गोधडीबद्दल थोडी शंका आहे. शिवणं-टिपणं बायकांना आयुष्यभर करायला लावलंच आहे, त्यांच्या रागाचं काय? कोलंबियात शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी फार्क नावाच्या संघटनेच्या बंडखोरांनी खाली ठेवलेली ३७ टन शस्त्रं वितळवून बोगोटातल्या एका वास्तूची फरशी केली, २०१८ मध्ये ती खुली झाली. त्या फरशांचे साचे युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी पत्र्यावर हातोड्याने ठोकून तयार केले. लोक चालतात ते त्यांनी घातलेल्या घावांवरून. तुमच्याकडे भंगारातला पत्रा, जुने डबे घेऊन असं काही जमेल की. आणि आम्हा पुरुषांना नुसतं बघायला बोलवू नका, खुर्च्या लावणं, स्वयंपाक, पोरं सांभाळणं आमच्यावर टाका, म्हणजे बायकांना निवांत बसता येईल.

मृण्मयी_वाई:
खूप खूप आभार सगळ्यांचे. पत्र्याचं वाचून बचत गटातल्या एक मावशी लगेच म्हणाल्या मला हातोडा द्या, त्यामुळे आता दोन्ही करतोय, ज्यांना शिवायचंय त्यांनी शिवा, ज्यांना ठोकायचंय त्यांनी ठोका. सकाळचे दोन तास फक्त बायकांसाठी ठेवू, बाकी गाव नंतर. आता जागेवरून अडलंय, ग्रामपंचायतीचा हॉल मिळतोय पण दार बरोबर चावडीसमोर, आत कोण गेलं ते सगळ्यांना दिसतं. शाळेत मागच्या बाजूने यायला वाट आहे. सुनीताताई, तुम्ही कुठली घेतली असती?

सुनीता_समुपदेशक:
शाळा. आणि त्याच दिवशी तिथेच हळदीकुंकूही ठेवा, घरून निघायला कारण लागतं.