सोळाच्या पॉइंटला हजार वॉट धरणं आता थांबायला हवं

मूळ पोस्ट (पुणे)

घराचा लोड (एकूण किती वॉट लागतील ते) काढताना आपल्याकडे एक ठरलेला हिशोब चालतो. सहा अँपिअरच्या सॉकेटला 100 वॉट, सोळाच्या पॉवर पॉइंटला 1000, पंख्याला 60. आय. एस. 732 या वायरिंगच्या भारतीय मानकाच्या 1989 च्या आवृत्तीतले हे आकडे अजून कित्येक ठेकेदारांच्या तक्त्यात तसेच आहेत. माझं स्पष्ट मत आहे की निदान स्वयंपाकघरापुरता हा हजाराचा आकडा सोडून द्यायला हवा.

आईच्या फ्लॅटमध्ये काय झालं ते सांगते. ओट्यावर सोळाचे चार पॉइंट आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या पहिल्याची प्लेट तपकिरी पडायला लागली, हात लावला तर गरम. बोर्ड उघडला तेव्हा कळलं की चारही पॉइंट एकाच अडीचच्या (2.5 चौरस मि.मी.) वायरवर लूप केलेत, म्हणजे एकातून पुढच्यात जोडलेत, आणि डीबीत (घराच्या मुख्य वितरण बोर्डात) त्या सगळ्यांना मिळून 16 चा एकच एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. लोडशीट मागवली. त्यात लिहिलेलं: 4 × 1000 = 4000, डायव्हर्सिटी (सगळं एकदम चालत नाही म्हणून दिलेली सूट) लावून 2000. आईचं एकटं इंडक्शनच 2000 वॉटचं आहे! शेजारी 1500 ची केटल आणि 1200 चा मायक्रोवेव्ह. सकाळी सातला हे तिन्ही एकदम चालतात, कारण त्याच वेळी वडिलांचा चहा, नाश्ता आणि औषधाचं गरम पाणी असतं. 4700 भागिले 230, म्हणजे 20 अँपिअरच्या वर. कागदावरचा हजार आणि ओट्यावरचा दोन हजार यांची गाठच पडत नाही.

प्रतिसाद (नाशिक, विद्युत ठेकेदार)

ताई, तुमच्या आईंकडे झालं ते वाईटच झालं, पण दोष चुकीच्या ठिकाणी देताय.

हजार वॉट हा आकडा त्या पॉइंटची वायर निवडण्यासाठी नसतोच. घराचा एकूण लोड काढायला, म्हणजे मेन स्विच, मीटरपासूनची केबल आणि मंजूर भार ठरवायला तो धरतात. सोळाचा पॉइंट 230 व्होल्टवर 3680 वॉट देऊ शकतो, पण घरातले सगळेच पॉइंट एकाच वेळी भरून चालत नाहीत. सर्किटची वायर आणि एमसीबी त्या सर्किटवर खरंच काय लागणार त्यावर ठरतात. आणि आय. एस. 732 च्या त्याच आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की पॉवरच्या एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त पॉइंट घ्यायचे नाहीत. तुमच्याकडे चार घेतले. म्हणजे नियम तुटला, नियम चुकला नाही.

सरसकट दोन हजार धरले तर काय होईल तेही बघा. साध्या टू बीएचकेत नऊ पॉवर पॉइंट धरले तर 9 किलोवॉटचे 18 होतात. अर्धी डायव्हर्सिटी धरली तरी केबल वाढते, थ्री-फेजचा विषय निघतो, आणि तो खर्च घर घेणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो.

प्रतिसाद (मूळ पोस्ट लिहिणारी)

सरसकट म्हटलंच नाही मी, स्वयंपाकघरापुरतं म्हटलं. गिझर आणि एसीला तुम्ही आधीच वेगळं सर्किट देता, कारण तिथे कोणतं यंत्र लागणार हे माहीत असतं. ओट्यावर काय लागणार हे माहीत नाही का? दोन पॉइंटचा नियम पाळला तरी इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकाच सर्किटवर येऊ शकतात.

प्रतिसाद (सांगली, वायरमन)

प्लेट तपकिरी पडली ती वॉटमुळे नाही, स्क्रूमुळे. लूप करताना पहिल्या सॉकेटच्या एकाच टर्मिनलमध्ये दोन वायरी घुसवतात. पुढच्या तिन्ही पॉइंटचा करंट त्याच स्क्रूखालून जातो. स्क्रू जरा सैल राहिला की तिथेच तापतं आणि एमसीबीला त्याचा पत्ताही नसतो. मी अशा बऱ्याच प्लेटी बदलल्यात, नेहमी पहिलीच जळते.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

इथला नियम सांगते, कारण दोघांच्या म्हणण्याला त्याची जोड मिळते. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये ऑफिस, दुकानांसारख्या इमारतींत दर सॉकेटला 180 व्होल्ट-अँपिअर (साधारण वॉटच समजा) धरतात. 10 केव्हीएपर्यंत (10,000 व्होल्ट-अँपिअर) पूर्ण आणि त्यापुढचा लोड निम्मा धरता येतो. घरांत मात्र साधी सॉकेटं मोजतच नाहीत! 2020 च्या आवृत्तीप्रमाणे क्षेत्रफळावर, दर चौरस फुटाला 3 व्होल्ट-अँपिअर, त्यातच ती धरलेली असतात. पण स्वयंपाकघर वेगळं काढलंय: 20 अँपिअरची किमान दोन स्वतंत्र सर्किटं, प्रत्येकी 1500 धरून. त्यांवर जेवणघरासारख्या जागा सोडून बाकीच्या खोल्यांचे दिवे-सॉकेटं घेता येत नाहीत.

म्हणजे हिशोबाचा आकडा तिथेही लहानच आहे (इथल्या 120 व्होल्टवर सर्किट 2400 चं, धरतात 1500), पण सर्किटं किती हवीत हे सांगून टाकलंय. मूळ पोस्टमधल्या घरात कमी पडलं ते हेच.

प्रतिसाद (नाशिक)

हे पटलं. ओट्याला किमान दोन सर्किटं, एकावर इंडक्शन एकटं, असं लिहून द्यायला माझी अजिबात हरकत नाही. मी स्वतः तसंच करतो आणि इंडक्शनला चारची वायर ओढतो. पण लोडशीटमधला हजार तसाच राहू दे.

प्रतिसाद (मूळ पोस्ट लिहिणारी)

स्क्रूचं म्हणणं मान्य. जुनं सॉकेट ठेवलंय, त्याच्या फेजच्या टर्मिनलमध्ये खरंच दोन वायरी होत्या आणि एकीचं इन्सुलेशन वितळलेलं होतं. पण एमसीबीचाही विचार करा. 16 चा एमसीबी 18 अँपिअरला तासभर पडायचा नसतो, 23.2 झाले तर तासाच्या आत पडलाच पाहिजे. आईचे 20 बरोबर मधे बसतात, आणि तेही रोज सकाळी. ज्या कागदावर 2000 लिहिलेले असतात तो बघून कोणाला वाटेल की ओट्याला दुसरं सर्किट हवं? म्हणून तो आकडाही बदलावा, या मतावर मी ठाम आहे.

सध्या इंडक्शनला डीबीतून वेगळी चारची वायर आणि 20 चा एमसीबी घेतोय. भिंत फोडायची नाही म्हणून केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे भिंतीवरच्या झाकणाच्या पट्टीतून. उरलेल्या तीन पॉइंटपैकी एक बंद करतोय, म्हणजे त्या जुन्या वायरवर दोनच राहतील.

प्रतिसाद (सांगली)

ताई, बंद करताय तो पॉइंट मधला असेल तर जोड प्लेटीमागे नुसता टेप गुंडाळून ठेवू देऊ नका. कनेक्टर लावायला सांगा.