एम-वन, टर्मवर्क, केटी आणि वर्गाचे नियम : तुमचे अनुभव लिहा

मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला एम-वन, म्हणजे पहिल्या सेमचं गणित, शिकवते. कॉलेज आता ऑटोनॉमस झालंय, म्हणजे पेपर आणि मार्कांचे नियम आमचे आम्हीच ठरवतो, त्यामुळे पहिल्या तासाला पोरांना एक पान द्यायचंय, विषयाच्या अपेक्षा आणि नियम. मागच्या वर्षी दिलं होतं की, ७५ टक्के हजेरी, ट्युटोरियल वेळेत, मोबाईल बंद, वगैरे वगैरे. शेवटच्या बाकावर त्याची होडी झालेली मी स्वतः बघितली. तर यंदा लिहिण्याआधी तुम्हाला विचारतेय. कॅल्क्युलस शिकताना किंवा शिकवताना कुठला नियम खरंच कामाला आला, कुठल्या नियमाने वाट लावली? सल्ले नकोत, झालेलं सांगा.

*

मुंबई, आमच्या वेळी १०० चा पेपर, ४० ला पास, आणि २५ चं टर्मवर्क, म्हणजे सेमभराच्या ट्युटोरियल फाईलचे मार्क, वेगळं. नियम एकच, फाईल पूर्ण पाहिजे आणि प्रत्येक ट्युटोरियलवर सही पाहिजे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकाची फाईल मध्ये ठेवून आम्ही पाचजण गोलाकार बसून छापत होतो, लायबनिट्झ थिअरम, ऑयलर्स थिअरम, जेकोबियन सगळं, माझं अक्षर चांगलं म्हणून मला २५ पैकी २३ पडले. पेपरात १९. म्हणजे फाईल सुंदर आणि केटी पण, विषय राहिला, परत द्यायचा. पुढच्या सेमला एम-टू आणि एम-वन एकाच महिन्यात दिले, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. फाईल पूर्ण हवी असं सगळीकडे लिहिलेलं, त्यातलं एक गणित फळ्यावर करून दाखव असं मात्र कुणी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्या रात्री निदान एक तरी समजून घेतलं असतं.

*

हजेरीबद्दल माझं. कर्जतहून लोकलने जायचे, पहिलं लेक्चर सव्वाआठचं, पावसाळ्यात गाडीचा काय भरवसा. दहा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजर हा सरांचा नियम, आत बसून पूर्ण लेक्चर ऐकलं तरी. ६८ टक्के भरली आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. वडिलांना बोलावलं, त्यांनी एक दिवसाचा खाडा केला, आले, दोन मिनिटांत कागदावर सही करून परत. जाताना मला विचारलं, गणित जमतंय ना? जमत होतं हो, युनिट टेस्टला वर्गात दुसरी होते! मित्राकडून हजेरी लावून घेणारे, प्रॉक्सीवाले, मात्र ९० टक्क्यांवर.

*

मॅडम मी डिप्लोमावाला. दहावी मराठी मीडियम, मग पॉलिटेक्निक, मग डायरेक्ट सेकंड इयर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्हाला एम-वन एम-टू नसतंच, थेट एम-थ्री पुढ्यात येतं. पहिलाच चॅप्टर लाप्लास. सरांनी ई रेस टू मायनस एस-टी लिहिलं, इंटिग्रेशन बाय पार्ट्स दोन ओळीत उडवलं आणि म्हणाले हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंय. आम्ही डिप्लोमाचे सगळे मागे एका रांगेत, एकमेकांकडे बघतोय, हात कुणाचाच वर नाही. डिप्लोमाला इंटिग्रेशन होतं, नाही असं नाही, पण फॉर्म्युल्यात टाका आणि उत्तर काढा इतपत. मग बारावीवाला एक मित्र मेसमध्ये जेवण झाल्यावर रोज अर्धा तास शिकवायचा, पार्शल फ्रॅक्शनपासून. ४३ मार्कांनी सुटलो. तुमच्या पानावर एवढं लिहाच, मला काय काय येतं असं तुम्ही धरून चाललाय. मला ती यादी पहिल्या दिवशी मिळाली असती तर ऑगस्टमध्येच लाज सोडून विचारलं असतं, ऑक्टोबरपर्यंत थांबलो नसतो.

*

अमेरिकेत पीएचडी करताना चार वर्षं कॅल्क्युलसचा टीए, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली शिकवणारा असिस्टंट, होतो. तिथे पहिल्या दिवशी सिलॅबस देतात तो नऊ पानांचा. आमच्याकडे सिलॅबस म्हणजे चॅप्टरची यादी, तिथे तो करारच समजा. होमवर्क किती टक्के, फायनल किती, चुकलेली परीक्षा परत (मेकअप) कधी देता येईल, कोर्स सोडायची शेवटची तारीख कुठली, चार क्रेडिटचा कोर्स म्हणजे वर्गाबाहेर आठवड्याला किमान आठ तास, सगळं लिहिलेलं. ऑनलाइन होमवर्क रात्री ११:५९ ला बंद, १२:०३ ला ईमेल सुरू, माझं वायफाय गेलं होतं. पण सगळ्यात कमी मार्कांच्या दोन क्विझ आपोआप वगळायचे, त्यामुळे निम्मी भांडणं सुरूच होत नसत, आजारी पडलास का, वगळली, झोपलास का, तीही वगळली, सर्टिफिकेट मागायचंच नाही.

एक परीक्षा फक्त डेरिव्हेटिव्हची. कॅल्क्युलेटर नाही, अर्धे मार्क नाहीत, सातपैकी सहा बरोबर आले तर पास, नाहीतर पुढच्या आठवड्यात परत द्या, हवी तितक्या वेळा. मला आधी हे फार कडक वाटलं. पण पाचव्यांदा पास झालेली मुलगी चेन रूल परत कधी चुकली नाही.

आणि एक गंमत, एका पोराच्या वडिलांचा फोन आला, मुलाचे मार्क सांगा. मी आपला देशी स्वभावाने सांगायला निघालो होतो, शेजारच्या टीएने मानेनेच नाही म्हटलं. १९७४ चा कायदा आहे, फर्पा म्हणतात, मुलाने लेखी परवानगी दिल्याशिवाय युनिव्हर्सिटी आईवडिलांना सहसा मार्क सांगत नाही. वरच्या कर्जतच्या ताईंचं वाचून तेच आठवलं.

*

आम्ही पुण्याचे, २०१२ पॅटर्न, फर्स्ट इयरला अर्धे मार्क ऑनलाइन एमसीक्यूचे. इंटिग्रेशन आलं की चारही ऑप्शन डिफरन्शिएट करून बघायचे, जो जुळला तो टिक. मग थिअरी पेपरला कर्व्ह ट्रेसिंग आलं तेव्हा ऑप्शन शोधत होतो :)

*

मॅडमच परत. डिप्लोमावाले दादा, यादी घातली, सगळ्यात वर : पार्शल फ्रॅक्शन, ट्रिगचे फॉर्म्युले, बाय पार्ट्स, ग्राफ काढणं, आणि यातलं न येणाऱ्यांसाठी बुधवारी चार वाजता माझी केबिन. फाईलमधलं कुठलंही एक गणित फळ्यावर, हेही घातलं. उशीर झाला तर आत या, हजेरी लागेल, हे हेडना अजून सांगितलेलं नाही. दोन क्विझ वगळायचं मात्र अडलंय. एक्झाम सेलला विचारलं तर म्हणे सॉफ्टवेअरमध्ये तसा कॉलम नाही. कुणाच्या कॉलेजात यातून वाट काढली असेल तर कळवा, सोमवारी प्रिंट काढायचीय.