गुडघ्याची सूज उतरलीय, पोराला फक्त तिसऱ्या चढाईला उतरवू का?

वाडीचा_मास्तर (गुहागर तालुका)

मंडळी, कबड्डीतल्या जाणत्यांना विचारतोय. जरा लवकर सांगा, शिमग्यातली स्पर्धा 22 दिवसांवर आलीय.

वाडीच्या संघाला मी शिकवतो. स्वतः 14 वर्षं उजव्या कोपऱ्यात खेळलो. आमचा मुख्य चढाईपटू 19 वर्षांचा आहे आणि निम्म्याहून जास्त गुण तोच आणतो. डिसेंबरात मॅटवरचा सामना होता. समोरच्या कोपऱ्यातल्या बचावपटूला हात लावून तो परत वळला, तेव्हा उजवा पाय बुटासकट मॅटला चिकटल्यासारखा जागेवर राहिला आणि वरचं अंग फिरलं. कुणी धरलं नव्हतं, ढकललंही नव्हतं. मी बाजूच्या रेषेलगत उभा होतो. सुकी काटकी मोडावी तसा टक् आवाज मला ऐकू आला. तो उठला, दोनदा पाय झटकला, “मास्तर, काय नाय” म्हणाला आणि पुढचा अख्खा डाव खेळला. मी खेळू दिलं. घरी पोचेपर्यंत गुडघा शहाळ्यासारखा फुगला होता.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका डॉक्टरांकडे नेला. त्यांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, 15 दिवस आराम आणि गोळ्या. आता दोन महिने झाले. सूज नाही, सरळ चालतो, होडीवरही जातो. पण परवा मी त्याच्या मागून घाटी उतरत होतो. जांभ्याच्या पायऱ्या, तो लहानपणापासून धावत उतरतो. परवा मात्र गडग्याला (दगडी कुंपणाला) हात लावून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरला. मी बघतोय हे कळल्यावर हात काढला.

वाडीच्या मुंबई मंडळाने नव्या जर्सी शिवल्यात, चाकरमानी येणार आहेत. रोज फोन येतो: “सगळ्या चढाया नको. टेप बांध आणि फक्त तिसऱ्या चढाईला काढ. सामन्याला पाच-सहाच होतील.” (तिसरी म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची, गुण आणावाच लागतो ती.) पोरगाही तेच म्हणतो. प्रो कबड्डीत पट्ट्या बांधून खेळतात की, असं वर ऐकवतात.

मी पुणेरी पलटणवाला. 1 मार्च 2024 ला प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 हरवलं तेव्हा आमच्या अंगणात फटाके लागले होते. पुढच्याच हंगामात आमचा कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघा गेला, त्याला उरलेल्या हंगामातून बाहेर ठेवलं आणि गतविजेता संघ बाद फेरीतही पोचला नाही. तेव्हा मी संघाच्या नावाने बोटं मोडली होती. आज तोच प्रश्न माझ्या अंगणात आलाय म्हणून विचारतोय. पाच-सहा चढायांनी खरंच काही बिघडतं का?

रोहेकर_यू_मुंबा

मास्तर, पलटणवाल्यांनी एका माणसावर अख्खा संघ टांगून ठेवायचा आणि तो पडला की रडायचं, हे किती वर्षं चालणार? आमचा यू मुंबाचा 2015 चा संघ आठवा. चढाईला अनुप कुमार, रिशांक देवाडिगा, शब्बीर बापू. एक बसला तर दुसरा उभा. म्हणून बेंगळुरूला 36-30 लोळवून करंडक घरी आणला. तुमच्या वाडीत दुसरा चढाईपटू तयार नसेल तर तो दोष त्या पोराच्या गुडघ्याचा नाही.

एवढं बोलून झाल्यावर आता वेगळं सांगतो, राग मानू नका. मी असतो तर उतरवला असता. कुमार गटाला वयाची मर्यादा 20. म्हणजे पोराकडे हे शेवटचं वर्ष. अशाच स्पर्धांना जिल्ह्याचे निवडकर्ते येऊन बसतात. आमच्याकडे रायगडात घरटी एक पोर कबड्डी खेळतं ते नुसतं हौसेने नाही. खेळाडू कोट्यातून पोलिसात, रेल्वेत, बँकेत लागलेली माणसं मी रोज बघतो. एका शिमग्याला तो दिसलाच नाही तर पुढच्या वर्षी कोण विचारणार? होडीवरच राहील. हेही तब्येतीइतकंच खरं आहे.

डावा_कोपरा_चिपळूण

मी 11 वर्षं बचावात खेळलो, म्हणून समोरच्या बाजूने सांगतो.

दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हे त्याला ठाऊक असतं आणि आम्हालाही. साध्या चढाईला चांगला खेळाडू निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ओलांडतो, आम्हाला हलवून बघतो आणि 30 सेकंद काढून परत जातो. तिसरीला तसं जाता येत नाही. आम्ही काय करायचो? मागे सरकायचो. त्याला आत येऊ द्यायचो. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत तो घाईने आत घुसतो, कोपऱ्याकडे पाय टाकतो आणि जीव खाऊन वळतो. नेमक्या त्या वळणावर आम्ही घोट्याला हात घालायचो आणि मधल्याने अंगावर यायचं. मास्तर, तुमच्या पोराचा गुडघा गेला तो याच वळणावर. मुंबईवाले सामन्यातल्या सगळ्यात वाईट चढाया निवडून त्याला देतायत आणि त्याला आराम म्हणतायत.

“मग नुसता बोनस घेऊन ये” असंही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. बोनसच्या गुणाला पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकतो तेव्हा मागचा पाय हवेत असावा लागतो. सगळं वजन एका गुडघ्यावर, तेही पुढे झुकलेलं. पंचांनी दिला नाही तर पुन्हा टाकायचा.

आणि टेप. मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. समोरून टेप बांधलेला पाय आला की आम्हाला पत्ता मिळायचा. खुन्नस म्हणून नाही, पण साखळी त्याच बाजूला बांधायचो. एकदा असाच एकाचा घोटा धरला आणि सोडला नाही. तो मैदानातून उचलून गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

माझं स्वतःचं: 24 व्या वर्षी गुडघा वळला, आमच्या तेव्हाच्या प्रशिक्षकांनी तीन आठवड्यांत उतरवलं. त्यांच्यावर काय बोलू, मीच हट्ट धरला होता. दुसऱ्या वेळी गुडघ्यातली गादी (दोन हाडांमधली कूर्चा) फाटली. आज 41 चा आहे, भाताच्या लावणीला वाकून उभा राहू शकत नाही.

फिजिओ_रत्नागिरी

मास्तर, तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र वाचून मी थांबले: कुणी न धरता वळताना झालेली दुखापत, टक् आवाज, आणि काही तासांत फुगलेला गुडघा. अशा वेळी आमच्या मनात पहिला संशय एसीएलचा येतो, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या आडव्या-तिडव्या दोन लिगामेंटपैकी (हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांपैकी) पुढच्याचा. पोराला तपासल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही, पण तो तपासलाच गेला नाहीये. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही.

सूज उतरली म्हणजे लिगामेंट सांधलं असं नाही. सरळ चालायला ते फारसं लागत नाही, म्हणून दोन महिन्यांनी माणूस ठणठणीत वाटतो. ते लागतं थांबायला, वळायला, उडी मारून उतरायला. म्हणजे कबड्डीलाच. टेपने सांध्याला आधाराची जाणीव होते, पण फाटलेल्या लिगामेंटचं काम टेप करत नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडून लॅकमन चाचणी करून घ्या. गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, ती किती सरकते आणि अटकते का ते अनुभवी हाताला लगेच कळतं. मग एमआरआय. तोवर घरी एक करा: वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटीमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजा. आणि तेल लावून जोरात चोळणं चालू असेल तर आजपासून बंद.

लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तरी प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. पण वळण्या-थांबण्याच्या खेळात परतायचं असेल तर तरुण खेळाडूला बहुधा तेच सुचवतात. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) घेऊन नवं लिगामेंट बसवतात. त्यानंतर मैदानात यायला किमान 9 महिने, पुष्कळदा वर्ष, आणि तेही दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या जवळपास आल्यावरच. सैल गुडघ्यावर खेळत राहिला तर गादी फाटते. ती गेली की नव्यासारखी करता येत नाही.

रोहेकर, नोकरीचा मुद्दा मी हलका मानत नाही. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं त्याच आशेवर खेळतात. पण कुमार गट हुकला तरी वरिष्ठ गट आहे, 85 किलोपर्यंत, आणि तिथे वयाची वरची अट नाही. 21 व्या वर्षी भक्कम गुडघ्याने आलेल्या पोराला संधी आहे. प्रो कबड्डीतला चढाईपटू सिद्धार्थ देसाईचं बघा. आठव्या हंगामात दुखापतीमुळे तीन सामन्यांनंतर बाहेर गेला, पण पुढच्या हंगामात पुन्हा खेळला, आणि दहाव्यात हरियाणाकडूनही.

देवगडकार

मास्तरांनू, माका एकच सांगूचा आसा. तेच्या आवशीक इचारा. पोरगो तुमका फसयत, आवशीक नाय फसवूचो. रात्री पाय खंय ठेवन निजता ता तिका म्हायत आसता.

वाडीचा_मास्तर (गुहागर तालुका)

सगळ्यांचे आभार. चार दिवस लागले लिहायला.

देवगडकारांचं वाचून त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. आई ओटीवर सुकट निवडत होती. मी विचारलं तेव्हा तिने आधी आत बघितलं, तो नाही याची खात्री केली आणि मग सांगितलं: गुडघ्याखाली गोधडीची घडी घेतल्याशिवाय झोपत नाही, कूस बदलताना ओरडून उठतो. गेल्या आठवड्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना ओल्या वाळूत पाय सटकला आणि गुडघा “जागेवरून सुटून परत बसला”, हे त्याने आईला सांगितलं होतं, मला नाही. मला सांगितलं असतं तर मी बसवेन, याची त्याला भीती.

मांड्या मोजल्या. उजवी 3 सेंटीमीटरने बारीक. टेप त्याच्याच हातात दिली होती, त्याने दोनदा मोजलं आणि काही न बोलता गुंडाळून ठेवली. मी त्याला तेव्हा सांगितलं, डिसेंबरात तुला पुढचा डाव खेळू दिला ती चूक माझी होती, तुझी नव्हे. तो रडला. मग मी अस्लमचं सांगितलं. ज्या हंगामात त्याला बसवलं म्हणून मी चिडलो होतो, त्याच्या पुढच्याच हंगामात तो परत आला, कर्णधार म्हणून, आणि संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. दिल्लीकडून हरलो, ते हरणं मला चालेल.

मुंबई मंडळाला फोन केला. अर्धा तास बोलणी झाली, एकाने “मग स्पर्धेत नाव कशाला दिलंत” इथपर्यंत नेलं. मी म्हटलं, सात जण उतरतील, हरलो तर माझ्या नावावर. डावा कोपराने तिसऱ्या चढाईचं लिहिलंय ते तसंच वाचून दाखवलं. त्यानंतर त्यांच्यातलाच एक जुना खेळाडू म्हणाला, एमआरआयचा खर्च मंडळ करेल. हे मी धरलंच नव्हतं.

रोहेकर, दुसऱ्या चढाईपटूचं तुम्ही बोललात ते मान्य. दोन 17 वर्षांची पोरं आहेत, एकाचा पाय लांब आहे पण धाडस नाही, दुसऱ्याचं उलट. तीन वर्षं मी त्यांना नुसतं बचावात उभं केलं, कारण गुण आणणारा होता. कालपासून दोघांना रोज 20-20 चढाया देतोय. आमचा मुख्य चढाईपटू गडग्यावर बसून त्यांना ओरडून सांगतो, कोपरा कधी खोटा पुढे येतो आणि कधी खरा. त्याला हे इतकं बारीक दिसतं ते मला माहीत नव्हतं.

फिजिओताई, बुधवारी 11 वाजता चिपळूणला डॉक्टरांची वेळ मिळालीय. पहिल्या एसटीने निघतो. सोबत जुना एक्स-रे आणू का, की नव्याने सगळं काढतील?