मदत हवी आहे : घरात दोन जुन्या गाड्या, आधी कुठली काढू?

बिनब्रेकचा
नमस्कार. जरा पटकन सांगा. पाडव्याला डिलिव्हरी हवी तर याच आठवड्यात बुकिंग करा म्हणून शोरूमवाला मागे लागलाय. घरात वॅगनआर २०१० ची आणि स्विफ्ट २०१३ ची. बजेट एकाच नव्या गाडीचं. वॅगनआरला १५ वर्षं झाली, म्हणजे तीच जाणार हे उघड आहे, पण बायको म्हणते स्विफ्ट काढ. एक्स्चेंजमध्ये वॅगनआरचे ३५ हजार सांगतायत. देऊ का? फाटे फोडू नका प्लीज.

उद्यमनगरी
किलोमीटर? पेट्रोल की डिझेल? चालवतं कोण, रोज कुठवर? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणाल्यासारखं झालं हे.

तांबडा_रस्सा
भावा, दोन्ही काढ आणि इलेक्ट्रिक घे. मी घेतली, पेट्रोल पंपाचं तोंड बघितलं न्हाई. विषय संपला.

गगनबावडेकर
घाटात ट्रकच्या मागं अडकून बघा एकदा, मग कळेल डिझेल काय असतं. स्विफ्ट अजिबात काढू नका. फक्त रोज थोडंच रनिंग असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो, तेवढं बघा.

उद्यमनगरी
@गगनबावडेकर, २०१३ च्या स्विफ्टला डीपीएफ कुठला? ती बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांतली. डीपीएफचं दुखणं बीएस-६ नंतरचं, आणि २०२० पासून मारुतीनं डिझेल बंदच केलंय.

सौ_पेठेतल्या
दोन्ही गाड्यांना एचएसआरपी (ती नवी सुरक्षित नंबरप्लेट) बसवली का? एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्यांना लागते.

बिनब्रेकचा
वॅगनआर पेट्रोल, ६२ हजार. वडील चालवतात (वय ७३). कपिलतीर्थला भाजी, पौर्णिमेला नृसिंहवाडी, बाकी उभीच. स्विफ्ट डिझेल, १ लाख ७१ हजार, मी गोकुळ शिरगावला नेतो. इलेक्ट्रिक शक्य नाही, पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला सोसायटी तयार नाही. आता सांगा.

मोकळावेळ
१५ वर्षांची गाडी सरकार जप्त करतं. लवकर विका.

उद्यमनगरी
ते दिल्लीचं आहे हो. पेट्रोलला १५, डिझेलला १०, हा घोळ तिकडचा. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की नोंदणी ५ वर्षांनी वाढते. कारची फी ५ हजार, शिवाय ग्रीन टॅक्स. नव्या गाडीच्या एका हप्त्यात बसतं सगळं.

तांबडा_रस्सा
दसऱ्याला आपल्या कोल्हापूरच्या महाराजांची जुनी मेबॅक गाडी निघते ती काय १५ वर्षांच्या आतली हाय व्हय?

मोकळावेळ
मेबॅकची आणि वॅगनआरची बरोबरी करणारा पहिला माणूस बघितला.

उद्यमनगरी
मुद्द्यावर या. स्विफ्टला त्रास काय आहे? बायको उगाच म्हणणार नाही.

बिनब्रेकचा
विशेष काही नाही. पॉवर विंडो कधी चालते कधी नाही, वायरिंगवाल्याकडे तीनदा नेली. पावसाळ्यात आत कुबट वास येतो, एसीचा असेल. बायकोला त्या वासानं मळमळतं.

उद्यमनगरी
राहता कुठे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठं होती?

बिनब्रेकचा
नागाळा पार्क. पार्किंगमध्येच होती, महापुराचं पाणी सीटपर्यंत आलेलं. वॅगनआर वडील आदल्या दिवशी गावाला घेऊन गेले होते. पण क्लेम मिळाला, सगळं दुरुस्त झालं, म्हणून लिहिलं नाही. जुनी गोष्ट.

उद्यमनगरी
अहो, हेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! आत्ता खाली जा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढा आणि टोकाची वीतभर पट्टी बघा. मग मॅट उचलून टाचेखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचा. दाराच्या खालच्या पट्टीतून वायर जाते तिथले कनेक्टर हिरवे पडलेत का तेही बघा. पुरातली गाडी पॉलिश करून शोरूमसारखी दिसते, पण गाळ आत बसतो आणि पत्रा आतूनच खातो. मी याच धंद्यात आहे, २०१९ नंतर आणि परत २०२१ नंतर हेच काम करत बसलो.

गगनबावडेकर
इंजिन चांगलं असेल तर पत्रा वेल्डिंग करून घ्या. ७–८ वर्षं काढेल.

उद्यमनगरी
आणि वायरिंग? एअरबॅगचं, ब्रेकच्या एबीएसचं? त्याला कुठं वेल्डिंग करणार?

बिनब्रेकचा
बेल्टच्या टोकाला पिवळट मातीची रेघ आहे, नखानं खरवडली तर पावडर निघते. स्क्रूड्रायव्हर टाचेखाली सरळ आरपार गेला. खालची फरशी दिसते. सात वर्षं त्यावर पाय ठेवून चालवतोय.

मोकळावेळ
मॅट टाका आणि एक्स्चेंजला द्या. बोलायचं नाही.

सौ_पेठेतल्या
असं कसं? उद्या कुणीतरी लेकरं बसवून त्यातनंच जोतिबाला जाईल. तुमचाच पाहुणा निघायचा.

उद्यमनगरी
पूर सांगून जो भाव येईल त्याला विका, नाहीतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथलं सर्टिफिकेट जपून ठेवा, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. वॅगनआर ठेवा. ६२ हजार म्हणजे काहीच नाही, वडिलांचा हातही तिच्यावरच बसलाय. नवी छोटी पेट्रोल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंत आणि ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्केच आहे, ते काही पाडव्यापुरतं नाही, तेव्हा पाडव्याची घाई शोरूमवाल्याची, तुमची नाही. वॅगनआरची आरसी, म्हणजे नोंदणी, कधी संपते?

बिनब्रेकचा
डिसेंबरमध्ये संपली.

उद्यमनगरी
कुठल्या डिसेंबरमध्ये?

बिनब्रेकचा
गेल्या. काढायचीच होती ना, म्हणून लक्ष दिलं नाही. वडील कालच नृसिंहवाडीला जाऊन आले.

उद्यमनगरी
आधी चावी काढून घ्या त्यांच्याकडून. उशिराचा दंड दर महिन्याला चढतोय तो वेगळाच, पण वाटेत काही झालं तर इन्शुरन्सवाला आरसीची तारीख पहिली बघतो. उद्याच आरटीओचा अर्ज भरा.

बिनब्रेकचा
भरत होतो. एचएसआरपी नसल्यामुळे पुढे जात नाहीये.

सौ_पेठेतल्या
मी सुरुवातीलाच विचारलं होतं.